काम शोधण्याचे काम

‘काम मिळत नाही’ हे वाक्य आपण सारेच ऐकतो, आणि पुष्कळदा बोलतोही. या एका वाक्यात दोन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे काम मुळातच नसणे. दुसरी म्हणजे काम असणे, पण ते माणसापर्यंत न पोचणे. पहिल्या गोष्टीचा विचार अर्थशास्त्र्यांनी आणि मंत्र्यांनी करावयाचा, आणि तो त्यांना करावयास लावण्यासाठी आमच्यासारख्यांनी मोर्चे काढावयाचे. तो माझा नेहमीचाच उद्योग आहे. त्यासाठी मला आपले हे व्यासपीठ नको. आज बोलावयाचे आहे ते दुसऱ्या गोष्टीविषयी.

मात्र प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. बेकारीचा दोष मी बेकाराच्या माथी मारीत नाही. दहा जागांसाठी हजार अर्ज आले, तर नऊशे नव्वद माणसे कितीही शहाणपणाने शोधीत असली तरी रिकाम्या हातांनी परतणार, हे गणित शाळकरी पोरालाही समजते. पण त्या दहांत कोण बसतो, आणि उरलेल्यांतले किती जण या धावपळीत आईच्या पाटल्या गहाण टाकून बसतात, हे पुष्कळसे आपल्या हाती आहे.

पूर्वी काम कसे मिळत असे ते आधी पाहू, कारण आजच्या मोबाईलमधले बरेचसे त्यावरूनच उलगडते. माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत बदली होते. बदली म्हणजे काय, हे आता तरुण श्रोत्यांना सांगावे लागते. कायम कामगार गैरहजर राहिला, तर त्या दिवसापुरता त्याच्या साच्यावर उभा राहणारा माणूस तो बदली. भोंग्याच्या आधी फाटकाशी जाऊन उभे राहावयाचे. आतून बोलावणे आले तर पगार, नाही तर चालत घरी. त्याआधीच्या पिढीत तर हे बोलावणे सर्वस्वी जॉबरच्या हातात असे. जॉबर गावचा असला, भावकीतला असला, किंवा त्याला दस्तुरी पोचली असली, म्हणजे त्याचे बोट आपल्याकडे वळे. १९३१ साली रॉयल कमिशन ऑन लेबरने, ज्याला आपण व्हिटले कमिशन म्हणतो, आपल्या अहवालात जॉबरच्या या सत्तेवर आणि तिच्या पोटातल्या लाचेवर कडक टीका केली. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी निवडक बदलींना कार्डे देण्याची पद्धत काढली. जॉबरचा हात थोडा आखडला, पण सुटला नाही.

सरकारनेही आपल्या परीने एक फाटक उघडले होते. १९४५ साली महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना कामधंदा मिळावा म्हणून एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची यंत्रणा उभी राहिली. फाळणीनंतर निर्वासितांना तिचा उपयोग झाला आणि १९४८ पासून ती सर्वांना खुली झाली. पुढे १९५९ चा कायदा झाला. सरकारी कचेऱ्यांनी आणि पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनांनी आपल्या रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळविल्याच पाहिजेत, असे त्याने ठरविले. पण त्याच कायद्यात हेही लिहिलेले होते की, कळविलेली जागा एक्स्चेंजमार्फतच भरण्याचे बंधन मालकावर नाही. म्हणजे मुलगी दाखवावयाचे बंधन, लग्नाचे नाही! परिणामी आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ट्रंकेच्या तळाशी ते कार्ड पडून राहिले. ठरल्या मुदतीत त्याचे नूतनीकरण तेवढे होत राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या कामगार संहिता अमलात आल्या, आणि त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा १९५९ चा कायदा विरून गेला. एक्स्चेंजच्या जागी आता ‘करिअर सेंटर’ हा शब्द आला आहे.

आणि आता इंटरनेट. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते सर्वसामान्यांना उपलब्ध झाले, आणि दोनच वर्षांनी ‘नोकरी डॉट कॉम’ सुरू झाले. पुढे ‘लिंक्डइन’, ‘इंडीड’, ‘अपना’ अशी नावे आली. सरकारचे ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हे संकेतस्थळ २०१५ साली निघाले; महाराष्ट्र सरकारचे ‘महास्वयम्’ आहे. या सर्वांनी एक मोठी गोष्ट केली, ती नाकबूल करू नये. चाकणला कोणत्या कारखान्यात फिटर पाहिजे, हे कळावयास पूर्वी चाकणमध्ये मामा असावा लागे. आता तो लागत नाही. फाटक सर्वांना दिसू लागले. परंतु फाटक दिसू लागले म्हणजे जॉबर गेला, असे समजणाऱ्यांची आज फार फसगत होते आहे. जॉबर आहे. त्याने कपडे बदलले आहेत, आणि काही वेळा तो माणूस नसून यंत्र आहे, इतकेच.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. काम शोधणे हेच एक काम आहे, असे मी युनियनच्या कचेरीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. कामाला जशी वेळ असते, हत्यारे असतात, हिशेब असतो, तसे याला असले पाहिजे. यातले पहिले हत्यार चाळीस पानी वही. मोबाईल दुसरा.

वहीच्या पहिल्या पानावर काय लिहावयाचे? ‘मला कोणती नोकरी हवी’ हे नव्हे. पहिल्या पानावर घरातली शिल्लक लिहावयाची. रोख किती, येणे किती, दरमहा भाडे, किराणा, औषधे, मुलांची फी, हप्ते किती. भागाकार केला म्हणजे एक आकडा येतो: आपण किती महिने थांबू शकतो. हा आकडा पुष्कळांना ठाऊक नसतो, आणि ठाऊक करून घेण्याची भीतीही वाटते. पण सौद्यात माणसाची ताकद असते ती इथेच. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांतले जे इतके दिवस तग धरू शकले, त्यांच्यामागे गावचे भात होते, कोकणातले किंवा घाटावरचे घर होते. ज्याला गाव नव्हते तो आधी मोडला. एकट्यादुकट्या माणसाची बेकारी हीही तशीच एक तग धरण्याची गोष्ट आहे. मालकाला आपली शिल्लक दिसत नाही, पण आपला उतावीळपणा दिसतो.

म्हणून त्याच पानावर तारखा घालून लिहावे. पहिला दीड महिना मी माझ्याच कामाची, माझ्याच पगाराची जागा शोधीन. त्यानंतर पगार थोडा कमी चालेल, पण काम तेच. तीन महिन्यांनंतर दुसरे काम, दुसरे गावही चालेल. मुदती प्रत्येकाने आपल्या भागाकारावरून ठरवाव्यात. हे शांत डोक्याने आधी लिहून ठेवले म्हणजे चौथ्या आठवड्यात, कुणी तरी घालूनपाडून बोलले म्हणून, माणूस निम्म्या पगाराला जाऊन चिकटत नाही; आणि उलट, ‘माझ्या योग्यतेचे मिळत नाही’ म्हणून वर्षभर घरीही बसत नाही. घरच्या मंडळींना हे पान दाखवावे. विशेषतः बायकोला. ती पुष्कळदा आकडा दुरुस्त करून देते.

दुसरी गोष्ट वेळेची. रिकाम्या माणसाला वेळच वेळ असतो, असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात तसे होत नाही. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे एक छोटे गाव होते. सारे गाव एका कापडगिरणीवर जगे. १९२९-३० च्या सुमारास ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सबंध गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी तेथे जाऊन पाहणी केली आणि १९३३ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यांना वाटले होते, वेळ मिळाल्यावर लोक वाचतील, राजकारणात भाग घेतील, निदान चळवळ तरी करतील. घडले ते उलट. वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले. रस्त्यावरून चालण्याचा वेगसुद्धा मंदावला. माणसे मधूनमधून उगीच थांबू लागली. सकाळी काय केले ते लिहा म्हटले, तर पुरुषांना आठवेना! बायकांचे मात्र तसे झाले नाही, कारण चूल, धुणे, पोरे यांनी त्यांचा दिवस बांधलेला होता.

आमच्या गिरणगावातही असेच झाले, पण आमच्याकडे घड्याळ घेऊन मोजावयास कोणी आले नाही. १९८२ नंतर चाळीच्या कट्ट्यावर बसलेली माणसे मी मुलगा म्हणून पाहिली आहेत. आळशी नव्हती ती. त्यांचा भोंगा बंद झाला होता.

म्हणून भोंगा आपणच वाजवावयाचा. सकाळी ठराविक वेळी उठून, दाढी-आंघोळ आटोपून, तीन तास बसावयाचे. घरी जागा नसेल तर वाचनालयात बसावे. आपल्या गावच्या वाचनालयात दुपारी पंखाही असतो. पहिला तास नव्या जाहिराती पाहण्याचा, दुसरा निवडक ठिकाणी अर्ज करण्याचा, तिसरा आधी केलेल्या अर्जांची विचारपूस करण्याचा. दुपारनंतर पायी हिंडावयाचे: कारखान्याच्या फाटकाशी, ओळखीच्या माणसाकडे, आयटीआयमध्ये, जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात. वहीत प्रत्येक अर्जाला एक ओळ: तारीख, कंपनी, कोणते काम, कोणाशी बोलणे झाले, पुढे कधी विचारावयाचे. पन्नास ओळी झाल्या म्हणजे वही आपल्याशी बोलू लागते. चाळीस अर्जांना उत्तरच नसेल, तर अर्जात खोट आहे किंवा आपण चुकीच्या फाटकाशी उभे आहोत. मुलाखतीला बोलावणे येते पण पुढे सरकत नाही, तर खोट मुलाखतीत आहे. वही नसली म्हणजे ‘नशीबच फुटके’ एवढा एकच निष्कर्ष निघतो.

आता ओळखीविषयी. ओळख म्हटली की आपल्याला वशिला आठवतो आणि स्वाभिमानी माणूस नाक मुरडतो. त्यात घोटाळा आहे. वशिला म्हणजे लायकी नसताना आत ढकलणे. जागा रिकामी आहे ही बातमी आपल्यापर्यंत येणे, ही निराळी गोष्ट. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या नोकरदारांना विचारले की, तुम्हांला तुमची नोकरी कशी मिळाली. निम्म्याहून अधिकांना ती ओळखीतून मिळालेली निघाली. पण गंमत पुढे आहे. ओळखीचा तो माणूस नेहमी भेटणारा होता का, असे विचारल्यावर शंभरातल्या सुमारे सतराच जणांनी ‘होय’ म्हटले. बाकीच्यांना तो क्वचित भेटणारा, किंवा वर्षातून एखादे वेळी दिसणारा होता. १९७३ आणि १९७४ साली त्याने हे लिहिले. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून अधिक माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीतही जवळच्या ओळखीपेक्षा मध्यम विरळ ओळखच नोकरी बदलावयास अधिक उपयोगी ठरते, असेच आढळले.

याचे कारण सोपे आहे. जिवलग मित्राला जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असते. दोघे एकाच कट्ट्यावर बसतात. सहा वर्षांपूर्वी आपल्या खात्यात होता आणि आता रांजणगावला गेला, त्याच्या कानावर निराळ्या बातम्या पडतात. तेव्हा वहीच्या मागच्या बाजूने अशी तीस-चाळीस नावे लिहावीत: जुने सहकारी, शाळेतले सोबती, जुने फोरमन, कारखान्याला माल पुरविणारा टेम्पोवाला, कँटीनवाला. टेम्पोवाल्याला हसू नका. कोणत्या कारखान्यात दुसरी पाळी सुरू झाली हे व्यवस्थापकाच्या आधी त्याला कळते. अशांना फोन करून ‘काही बघा ना माझे’ असे म्हणू नये. त्याने समोरचा अवघडतो. ‘मी व्हीएमसी मशीन सेटिंगसकट चालवितो, आठ वर्षांचा अनुभव आहे, तुमच्याकडे किंवा शेजारी कुठे जागा निघाल्याचे कानावर आले तर मला कळवा’ असे म्हणावे. नेमके सांगितले तर नेमके आठवते. पुष्कळ माणसे बेकारी लपवितात. ताकाला जाऊन भांडे लपविण्याचाच हा प्रकार. सबंध चाळीला ठाऊक असते आणि ज्याला ठाऊक असावयास पाहिजे त्याला तेवढे नसते.

इंटरनेटवरची नोकरीची बाजारपेठ कशी चालते, ते आता थोडे उलगडून सांगतो. खाजगी संकेतस्थळावर नाव नोंदवावयास आपल्याला सहसा पैसे पडत नाहीत. मग त्यांचे घर कसे चालते? मालक पैसे देतो. जाहिरात लावण्याचे, आणि आपली माहिती चाळून पाहण्याचे. म्हणजे त्या दुकानात आपण गिऱ्हाईक नसून फळीवर मांडलेला माल आहोत. हे ऐकावयास कडू आहे, पण एकदा समजले की पुष्कळ गोष्टी सुकर होतात. मालाला लेबल लागते. मालकाचा माणूस शोधाच्या चौकटीत शब्द टाकतो, ‘सीएनसी टर्नर, फॅनुक, तीन वर्षे’. हे शब्द ज्याच्या पानावर आहेत तो दिसतो. ज्याने ‘मेहनती, प्रामाणिक, कोणतेही काम करण्यास तयार’ असे लिहिले तो दिसत नाही. कोणतेही काम करण्यास तयार असलेला माणूस यंत्राच्या दृष्टीने कोणत्याच कामाचा नसतो! म्हणून जाहिरात वाचून तिच्यातले कामाचे, यंत्राचे, हिशेबाच्या पद्धतीचे जे शब्द आपल्याला खरोखरीच लागू आहेत, ते त्याच नावाने आपल्या माहितीत लिहावेत. एकाच कामाची तीन नावे असतील तर तिन्ही लिहावीत. खोटे मात्र एक अक्षर नको. मशीनसमोर उभे केल्यावर पाच मिनिटांत उघडे पडते.

मोठ्या कंपन्यांत अर्ज प्रथम माणूस वाचीत नाही, यंत्र चाळते. त्यासाठी रंगीत चौकटी, फोटो, नक्षी असलेल्या अर्जापेक्षा साधा, एक-दोन पानांचा, सरळ ओळींचा अर्ज बरा. त्यात आधार क्रमांक, पॅन, बँकेचे खाते लिहू नये. त्या टप्प्यावर त्यांची कोणालाही गरज नसते. मोबाईलचा क्रमांक एकच, कायमचा असावा. आमच्याकडे एक मुलगा चार महिने उत्तर येत नाही म्हणून खचला होता. त्याने मध्यंतरी सिमकार्ड बदलले होते, आणि जुना क्रमांक सहा ठिकाणी तसाच होता.

या स्थळांवर काही दिवस हालचाल केली नाही की आपले पान खाली खाली जाते. अलीकडे येऊन गेलेला माणूस मालकाला आधी दाखवितात. म्हणून आठवड्यातून एक-दोनदा काही तरी दुरुस्ती करावी. रोज शंभर ठिकाणी नुसते बटण दाबण्यात अर्थ नाही. ते बटण शंभर जणांना सोपे म्हणजे लाख जणांना सोपे. त्यापेक्षा जाहिरात कोणत्या कंपनीची ते पाहावे, तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती जागा आहे का ते पाहावे, आणि असल्यास तेथेच अर्ज करावा. मग त्या कंपनीत आपल्या चाळीस नावांपैकी कोणी आहे का ते हुडकावे. अर्ज आणि ओळख, दोन्ही एकाच फाटकाशी पोचली म्हणजे जोर येतो.

सरकारी भरतीची गोष्ट निराळी. तेथे जाहिरात, मुदत, परीक्षा हेच सर्व काही, आणि मूळ जाहिरात संबंधित खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच वाचावी. कोणी पाठविलेल्या चिठोऱ्यावर जाऊ नये. पत्त्याच्या अखेरीस ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट निक डॉट इन’ आहे की नाही ते पाहावे. नुकतेच शिक्षण संपलेल्यांनी शिकाऊ उमेदवारीची जागाही धुंडाळावी. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिसेस अ‍ॅक्टखाली तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना काही शिकाऊ घ्यावेच लागतात, आणि त्याची नोंदणी आता इंटरनेटवर होते. शिकाऊला कायदा कामगार मानीत नाही, आणि शेवटी नोकरी देण्याचे बंधनही मालकावर नाही. त्यावर माझे आणि मालकांचे भांडण जुने आहे. तरी हाताला यंत्राची सवय आणि हाती प्रमाणपत्र, एवढे पदरात पडते.

येथवर जॉबर यंत्राच्या रूपात होता. आता दस्तुरीवाला जॉबर.

ज्याने हे व्याख्यान अर्ध्यात ऐकणे सोडले असेल त्याने निदान एवढे ऐकावे. नोकरी देणारा नोकरासाठी पैसे मोजतो. नोकराकडून घेत नाही. नोंदणी फी, गणवेशाची अनामत, गेटपास, वैद्यकीय तपासणी, लॅपटॉपची हमी, प्रशिक्षण फी, कोणत्याही नावाने नोकरीआधी पैसे मागितले की तेथून उठावे. रक्कम नेहमी बेताची असते, पंधराशे, अडीच हजार, म्हणजे माणूस ‘गेले तर गेले’ म्हणतो. पण एकदा दिले की दुसरी मागणी येते, आणि आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे देतो. सरकारी परीक्षेची फी हा अपवाद, आणि तीही सरकारी संकेतस्थळावरच भरावयाची, कुणाच्या खाजगी खात्यावर नव्हे.

हल्ली निघालेला दुसरा प्रकार असा. ‘घरबसल्या काम. हॉटेलांना तारे द्या, चित्रफितींना पसंती द्या.’ टेलिग्रामवर एक गट असतो. पहिल्या दिवशी खरोखरीच दीडशे-दोनशे रुपये आपल्या खात्यात येतात. तीच गळाची अळी. मग ‘मोठे काम’ मिळावे म्हणून आधी पैसे भरावयाचे, आणि भरलेले पैसे पडद्यावर दुप्पट झालेले दिसतात, परंतु काढता येत नाहीत. यात अडाणी सापडतात असे नाही. माझ्या पाहण्यात पदवीधर, निवृत्त शिक्षिका, बँकेत काम केलेला गृहस्थ, असे सारे आहेत. बेकार माणूस मूर्ख नसतो. तो आशेवर असतो, आणि ठग नेमका त्या आशेचाच व्यापार करतो. पैसे गेल्याचे ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत केला तर पैसे वाटेत अडविण्याची शक्यता असते. लाजेने चार दिवस गप्प बसलेल्याचे सहसा परत येत नाहीत.

तिसरा प्रकार सर्वांत भयंकर. थायलंडमध्ये ‘डेटा एंट्री’ची नोकरी, पगार भरपूर, मुलाखत व्हिडिओवर. विमानातून उतरल्यावर सीमेपलीकडे म्यानमारमध्ये, किंवा अन्यत्र कंबोडियात, कुंपणाच्या आत कोंडून माणसांकडून इंटरनेटवरची ठगबाजीच करवून घेतात. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारने अशा पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडची नोंदणी लागते. ती ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्याने उमेदवाराकडून घ्यावयाच्या मेहनतान्याची मर्यादा तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढी ठरलेली आहे. पर्यटक व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ, असे म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

शेवटचा टप्पा रुजू होण्याचा. येथे उजळ माथ्याने फसवणूक होते, आणि तिला कोणी फसवणूक म्हणत नाही. जाहिरातीत नाव मोठ्या कारखान्याचे असते. प्रत्यक्षात माणूस लागतो ठेकेदाराच्या हजेरीपटावर. तेव्हा ‘हो’ म्हणण्याआधी विचारावे: पगाराच्या चिठ्ठीवर कोणाचे नाव असेल? हातात किती येईल आणि कापले काय जाईल? पाळी किती तासांची, आणि जादा तासांचा दर काय? हे विचारले तर नोकरी जाईल, अशी भीती पुष्कळांना वाटते. माझा अनुभव असा आहे की, हे विचारल्याने जी नोकरी जाते ती पहिल्या पगाराच्या तारखेलाही डळमळतच असते. नियुक्तिपत्र मागावे. नव्या संहितेप्रमाणे ते देणे मालकाचे कर्तव्य आहे. ती मेहरबानी नव्हे. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवावयास देऊ नयेत. दाखवावीत, नक्कल द्यावी, मूळ परत घ्यावे.

प्रॉव्हिडंट फंड कापला जात असेल तर आपला यूएएन क्रमांक वहीत लिहून ठेवावा. जुन्या नोकरीचा असेल तर तोच द्यावा, नवा काढू देऊ नये. पहिल्या पगारानंतर महिना-दीड महिन्याने मोबाईलवर पासबुक उघडून पाहावे. चिठ्ठीत कपात दिसते आणि पासबुकात जमा दिसत नाही, असे झाले तर तीन-तीन महिने वाट पाहत बसू नये. चिठ्ठी आणि वही घेऊन यावे. आमची कचेरी संध्याकाळी सहापासून उघडी असते, आणि यायला सभासद असावेच लागते असे नाही.